गडकरी साहेब, सीटबेल्ट लावायची सक्ती केलीत, आता बेल्टचा पार्टपण मिळू दे

मा. नितीनजी गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री, नवी दिल्ली

साहेब नमस्कार, बेळगाव तालुक्यातनं लिहितोय. माझी जुनी हॅचबॅक आहे, केए २२ पासिंगची, इंजिन अजून झकास चालतंय, पण ड्रायव्हरचा बेल्ट ओढला की परत आत जात नाही, नुसता लोंबतोय, आणि मागच्या सीटचं एक बकल लागतच नाही.

शोरूममध्ये विचारलं तर नुसतं बकल मिळत नाही, अख्खी असेंब्ली घ्या म्हणाले, आणि असेंब्ली म्हणजे मॉडेल बंद झालंय, आधी पैसे भरा, कधी येईल सांगता येत नाही. बाहेरच्या दुकानात क्लच प्लेट, ब्रेक पॅड, हेडलाईट सगळं मिळतंय, बेल्ट म्हटलं की नाही म्हणतात. मग कोण सांगतं कोल्हापूरला भंगारात बघा, कोण सांगतं सीटकव्हरवाल्याकडनं पट्टा शिवून घ्या.

हे ऐकून मला खरंच भीती वाटते साहेब. अपघातात एकदा झटका बसलेला पट्टा आतनं ताणलेला असतो, बाहेरनं चांगला दिसला तरी, आणि भंगारातला बेल्ट कुठल्या गाडीतनं निघाला हे कोण सांगणार? रिट्रॅक्टर म्हणजे पट्टा आत गुंडाळून घेणारी चकरी, तिच्यातलं लॉक जोरात ब्रेक लागल्यावर पट्टा धरतं, ते धरलं नाही तर बेल्ट लावून उपयोग काय? प्रीटेन्शनरवाल्या गाडीत, म्हणजे धडकेत पट्टा झटकन आवळणारा भाग असतो त्या गाडीत, तर तो एकदा उडाला की संपला, बदलायलाच लागतो. एअरबॅगसुद्धा बेल्ट लावलाय असं धरूनच बनवलेली असते. आणि असल्या शिवलेल्या पट्ट्यावर माणसं हायवे ४८ वरनं निपाणी, कोल्हापूरला जातात, चोर्ला घाटातनं गोव्याला जातात, लेकरंबाळं घेऊन.

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, मागं बसले होते, बेल्ट लावला नव्हता, त्यानंतर तुम्ही मागच्या बेल्टचा विषय लावून धरलात, फार चांगलं केलंत. बेल्ट न लावताच बकलमध्ये खुपसून बीप बंद करायच्या त्या क्लिपा पण २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाईन कंपन्यांना काढायला लावल्या, १३,११८ लिस्टिंग उतरल्या. म्हणजे बेल्टला फसवायची वस्तू घरपोच मिळत होती आणि खरं बकल कंपनीच्या काउंटरवर पण मिळंना.

कायद्यात बेल्ट न लावल्यास हजार रुपये दंड आहे, तो असूच दे, माझी तक्रार नाही. पण खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षं चालतं तर निदान तेवढी वर्षं बेल्ट, बकल, रिट्रॅक्टर कंपनीनं ठेवलेच पाहिजेत, मॉडेल बंद झालं तरी, आणि किंमत वेबसाईटवर टाकून कुठल्याही गॅरेजवाल्याला विकले पाहिजेत, असा नियम करा. सुटे पार्ट बाहेर मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगानं २०१४ मध्येच १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड लावला होता, म्हणजे हे दुखणं आजचं नाही. आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे कितीतरी पार्ट बनतात, बेल्ट मात्र टेस्टिंग आणि मंजुरीशिवाय कुणी बनवू नये हे मला पटतंय, म्हणूनच कंपनीला बांधून घ्या म्हणतोय.

आणि अपघातातल्या गाडीचा बेल्ट भंगारात जायच्या आधी कापून टाकायचा, एवढंही त्यात घाला.

आपला,
बेळगाव तालुक्यातला एक गाडीवाला