तेरला जाताच आहात तर संग्रहालयही बघून या

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी आम्ही घरची मंडळी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला गेलो होतो, संत गोरोबा काकांच्या दर्शनाला. दर्शन झालं, तेरणेच्या काठाला जरा टेकलो आणि निघणार तेवढ्यात पोरगी म्हणाली, बाबा इथं म्युझियम आहे ना, बाईंनी सांगितलंय. म्हटलं चल, अर्ध्या तासात बघून निघू, आणि तीन तास कसे गेले कळलंच नाही. इतक्या वर्षांत कितीदा आलो आणि दर वेळी नारळ फोडून तसाच माघारी फिरलो याचं फार वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात पैठणच्या जोडीनं तगरचं नाव येतं, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट, आणि इथलं कापड, मलमल गाड्यांत भरून खडतर रस्त्यानं पार गुजरातेतल्या भडोचच्या बंदरापर्यंत जायचं. आणि हे नुसतं पुस्तकातलं नाही बरं का. इटलीतलं पाँपेई शहर इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, तिथं 1938 साली भारतातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, आणि तशाच धाटणीची छोटी मूर्ती तेरला मिळालीय! पोरीला हे सांगताना माझ्याच अंगावर काटा आला.

पण मला सगळ्यात जास्त भावली ती माती. सातवाहन काळातल्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या, पुढचा आणि मागचा असे दोन साचे जोडून केलेल्या, त्यांच्या डोक्यावरचा केशसंभार, कानातली कुंडलं इतकी बारीक की काचेला नाक लावून बघावं लागतं. आणि त्याच गावात बाराशे-तेराशे वर्षांनी गोरोबा काका मडकी घडवत अभंग म्हणत होते, थापटण्यानं संतांची डोकी तपासून कच्चं मडकं कोणतं ते सांगत होते. समाधीचं दर्शन आणि त्या बाहुल्या एकाच दिवशी बघितल्या की हा धागा आपोआप जुळतो, वेगळं कोणी समजवावं लागत नाही. जवळच त्रिविक्रमाचं मंदिर आहे, विटांचं, मागची बाजू गोल, जुन्या बौद्ध चैत्यासारखी, म्हणजे प्रार्थनागृहासारखी. महाराष्ट्रात इतकं जुनं बांधीव मंदिर उभं असलेलं फार कमी ठिकाणी बघायला मिळेल.

हे सगळं जपलं गेलं ते रामलिंगप्पा लामतुरे यांच्यामुळे. गावातल्या या माणसानं पांढरीच्या म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांवर, शेतात सापडणारे मणी, नाणी, खापरं आयुष्यभर गोळा केली, विकली नाहीत, आणि पुढं हा संग्रह सरकारकडे गेला. आज त्यांच्याच नावानं शासकीय संग्रहालय उभं आहे.

आम्ही होतो तेव्हा एका शाळेची सहल आली. मुलं रांगेनं आत गेली आणि दहा मिनिटांत रांगेनंच बाहेर, बस थांबलेली म्हणून. एक मुलगा मण्यांच्या कपाटापाशी रेंगाळत होता त्याला हाताला धरून नेलं. सरांना वेळेचं टेन्शन असणार हे समजतं, पण माझी शिक्षकांना विनंती आहे की सहलीत चार ठिकाणं कमी करा पण इथं दोन तास द्या, आणि यायच्या आधी वर्गात तगरची गोष्ट सांगून आणा. मुलं मग आपणहून प्रश्न विचारतील.

आणि दुसरी विनंती गावोगावच्या शेतकरी बांधवांना. पाऊस पडून गेला की पांढरीवर काहीबाही वर येतं. नाणं, मूर्ती काही सापडलं तर घासून चकाकवू नका, फिरत्या माणसाला विकू तर अजिबात नका, आधी जागेचा मोबाईलवर फोटो काढा आणि तहसील कचेरीत किंवा संग्रहालयात कळवा. 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना सांगावंच लागतं. पण कायदा सोडा, वस्तू कुठं सापडली हेच हरवलं तर तिची निम्मी गोष्ट गेली.

आम्ही आषाढीच्या आधी पुन्हा जाणार आहोत, पोरीनं वही आत्ताच काढून ठेवलीय.

आपला,
एक वाचक