दार लोटून गेलात, त्याबद्दल

ती. काकांना सा. न. वि. वि.

तुमच्या निरोपसमारंभात मी बोलायला उभी राहिले आणि "काका फार चांगले आहेत" एवढंच म्हणून खाली बसले. घसाच दाटून आला. घरी आई म्हणाली, एरवी तुझं तोंड बंद होत नाही, नेमकं आजच काय झालं? म्हणून आता लिहिते, चारचौघांना वाचता येईल असं.

मला आपल्या कारखान्याच्या लॅबची प्रमुख केलं ते एका शुक्रवारी संध्याकाळी. हातात पत्र, पाठीवर थाप आणि "सांभाळून घे." सोमवारपासून सहा माणसं माझ्या हाताखाली. आपल्या बडोद्यात १८७५ साली कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक येऊन सयाजीराव झाला, पण कारभार त्याच्या हाती आला १८८१च्या डिसेंबरात. मधली वर्षं शिकवणी चालली होती. सर टी. माधवरावांसारख्या दिवाणाने त्याच्यासाठी राज्यकारभारावर व्याख्यानं दिली. माझ्या वाट्याला आला प्रशिक्षणाचा हॉटेलातला एक दिवस, फुगे फुगवायचा खेळ आणि पनीरचं जेवण! थाप देणारे साहेब पुढचे तीन महिने कधीही फोन केला तरी मीटिंगमध्येच.

मग मला जे येत होतं तेच मी करत बसले. प्रत्येकाचं टायट्रेशन, म्हणजे द्रावणात काय किती आहे ते मोजायची चाचणी, रात्री आठपर्यंत थांबून स्वतः पुन्हा करून बघायचे. ज्या दोघींबरोबर पाच वर्षं डबा खाल्ला, त्या मला बघून गप्प व्हायला लागल्या.

आणि त्यात तो लेबलांचा घोळ. नव्या मुलाकडून दोन बाटल्यांच्या लेबलांची अदलाबदल झाली, रिपोर्ट चुकला, भरलेला ट्रक गेटवर अडकला. त्याला लॅबमध्ये मधोमध उभं करून मी जे काही बोलले, ते आठवलं की अजून कान गरम होतात. बाहेर लोक रेंगाळून ऐकत होते. तेवढ्यात चलनांचा गठ्ठा घेऊन तुम्ही आलात. ट्रक तुमच्या डिस्पॅचचा, पार्टीची बोलणी तुम्हीच खाल्लेली, चिडायचा पहिला हक्क तुमचा. तुम्ही आत पाहिलंत, दाराला लावलेली वीट पायाने बाजूला सारलीत, दार हळूच लोटलंत आणि निघून गेलात.

माझा आवाज तिथेच खाली आला. बंद दाराआड आम्ही दोघंच उरलो आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की त्या पोराचे हात थरथरतायत.

मला वाटलं, आता आपली पाळी. पण तुम्ही थांबलात संध्याकाळपर्यंत, पार्किंगमधल्या गाड्या निघून जाईपर्यंत. "चूक त्याचीच होती गं. पण ऐकणारे फार होते." एवढंच. मग स्कूटरला टेकून जे सांगितलंत, त्यावर मी आजही चालते. दर आठवड्याला एकेकाशी वीस मिनिटं बसायचं, आधी त्याला बोलू द्यायचं. त्यांचं काम पुन्हा करून बघायचं नाही. फार तर चारातलं एक, आणि तेही सांगून. वरच्यांना कळवताना चांगलं झालं तर नाव घ्यायचं, बिघडलं तर "आमच्याकडून चुकलं" म्हणायचं. डब्याचं विचारलं तर म्हणालात, "दोघी थोड्या लांब जातील, जाऊ दे. रजा वाटताना मात्र त्यांना झुकतं माप देऊ नकोस." त्यांचा राग यायला मला सहा महिने लागले, आणि जायला तेवढेच.

काका, हुशार माणसं आपल्या कारखान्यात ढिगाने आहेत, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत तर गल्लोगल्ली. दुसऱ्याची लाज आपली समजून झाकणारं माणूस मात्र मी नोकरीच्या अकरा वर्षांत एकच पाहिलं. तुम्हाला स्वतःला ती वीट आठवतसुद्धा नसेल, याची मला खात्री आहे.

दिवाळीत दांडिया बाजारात घरी येते. काकूंना सांगा, चकल्या करू नका, मी आणतेय. तो लेबलवालाही यायचं म्हणतोय. आता तो रात्रपाळीचा इनचार्ज आहे, आणि त्याला तुम्हाला काहीतरी विचारायचंय. काय ते मला सांगत नाही.

तुमची,
लॅबमधली