मोराचा ग्राफ आणि बंद पडलेला टॅब

सोलापूर,
रविवार, रात्री साडेनऊ

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र येऊन महिना होत आला. चादरीवरच्या मोराच्या नक्षीचा, बारीक घरांच्या कागदावर भरलेला तो ग्राफ कधी पाठवतोस म्हणून तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा गप्प बसलो. खरं सांगायचं तर धीर होत नव्हता. इचलकरंजीला जाताना तू नानांच्या हातात ठेवलेला तो टॅब बंद पडला होता, आणि ग्राफ फक्त त्याच्यातच होते.

२०१९ च्या पावसाळ्यात माळ्यावरच्या पेटीला वाळवी लागली, ते तुला आठवत असेल. आपण ओट्यावर जुनी चादर अंथरली आणि एकेक कागद त्यावर ठेवून याच टॅबने फोटो काढले. तू कागदाच्या कडा धरायचास, मी बटण दाबायचो. ते कागद पुढे हातात धरवेनात, नुसता चुरा व्हायचा. शेवटी टाकून द्यावे लागले. फोटोंची एक प्रत दुसरीकडे ठेव, असं तू तेव्हाच बजावलं होतंस. मी ठेवली नाही. ही चूक माझी आहे आणि गेला महिनाभर ती माझ्या मनातून गेलेली नाही.

नाना आता ७९ वर्षांचे आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी ग्राफच्या कागदावरची बारीक घरं त्यांना दिसत नाहीत. टॅबवर मात्र दोन बोटांनी चित्र ताणलं की एकेक घर बोराएवढं होतं. मग तासन् तास ओठांतल्या ओठांत मोजत बसायचे. गेल्या मे महिन्यात बॅटरी उतरली म्हणून मी टॅब पत्र्याच्या खोलीतल्या फळीवर ठेवला आणि विसरलो. आपल्याकडचा मे तुला माहीत आहे. त्या पत्र्याखाली दुपारी माणूस दहा मिनिटं बसू शकत नाही. गड्ड्याची जत्रा झाल्यावर एका संध्याकाळी नाना म्हणाले, "तो टॅब दे रे जरा." चार्जरला लावला. दिवा नाही, बॅटरीचं चित्र नाही, काही नाही. बटण दाबून दाबून अंगठा दुखायला लागला. नानांनी "राहू दे" म्हटलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी एका दुकानात नेला. त्याने दोन मिनिटं चार्जर लावून पाहिला आणि म्हणाला, "बोर्ड गेला. २८०० होतील. सॉफ्टवेअर मारावं लागेल, आतलं सगळं जाईल." मी टॅब उचलला आणि घरी आलो. आतलं सगळं जाणार असेल तर त्या काचेचं मी काय करू?

मग शेजारच्या अक्कांची लेक मदतीला आली, पॉलिटेक्निकला आहे बघ. तिने आधी मोबाईलचा टॉर्च लावून चार्जिंगच्या खोबणीत पाहिलं आणि मला दाखवलं. आत सुताचं तूस बसलं होतं! आपल्या घरात माग चालतो, ते तूस दाराच्या बिजागरीत बसतं, देवाच्या समईवर बसतं, मग तिथं का नाही बसणार? दर वेळी केबल खोचताना ते आणखी आत दाबलं गेलेलं. तिने लाकडी दातकोरणीने हळूहळू उकरलं, सुई लावू दिली नाही, कारण आतल्या पिना वाकतात किंवा शॉर्ट होतात. बाहेर आली ती चक्क घट्ट नमद्यासारखी पट्टी, नखाएवढी, लाल आणि हिरव्या धाग्यांची. मागच्या ऑर्डरच्या चादरीचा तोच रंग होता.

तरीही पडदा काळाच. तेव्हा तिने जे समजावलं ते तुझ्याही कामाचं आहे. लिथियम बॅटरीचा सेल पुरता भरला की साधारण ४.२ व्होल्ट दाखवतो. महिनोन् महिने पडून राहून तो ३ च्याही खाली गेला की आतलं सर्किट त्याला एकदम करंट देत नाही, थेंब थेंब सोडतं. तेवढ्यावर पडदा उजळत नाही. म्हणजे टॅब जिवंत असूनही तासभर, कधी त्याहून जास्त वेळ मेल्यासारखाच दिसतो. दुकानदाराने दोन मिनिटं दिली होती. आम्ही मूळचा चार्जर आणि नवी केबल लावून रात्रभर ठेवला. पहाटे नळाला पाणी आलं म्हणून उठलो, तर अंधारात फळीवर बॅटरीचं हिरवं चित्र. मी हंडा तिथंच ठेवून नानांना उठवलं.

पण एक गोष्ट मला तेव्हाच कळायला हवी होती. टॅब शहाबादी फरशीवर ठेवला की भोवऱ्यासारखा फिरायचा. पाठ सपाट राहिली नव्हती, मधे फुगली होती. अशी बॅटरी कधीही पेट घेऊ शकते आणि मी ती नाना झोपतात त्याच खोलीत रात्रभर चार्जिंगला ठेवली. तुझ्या घरी कुठलाही मोबाईल असा डुगडुगायला लागला तर चार्जिंगला लावूच नकोस, आधी जाणकाराकडून बॅटरी काढून घे.

चार्ज झाला तरी तो सुरू होईना. कंपनीचं नाव यायचं, एक थरथर, अंधार, पुन्हा नाव. लोगोवर अडकला म्हणतात ते हेच. अक्कांच्या लेकीने पॉवरचं आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र धरून रिकव्हरीची, म्हणजे बिघडलेला टॅब सावरायची, यादी काढली. काळ्या पडद्यावर बारीक अक्षरांच्या ओळी. आवाजाच्या बटणाने एकेक ओळ खाली जायचं आणि पॉवरच्या बटणाने पक्कं करायचं. आम्हाला हवी होती कॅश, म्हणजे तात्पुरत्या साठवलेल्या फाइली, पुसायची ओळ, आणि तिच्या बरोब्बर वर होती सगळा डेटा पुसायची. ती म्हणाली, "काका, इथं घाई नाही." आपला टॅब २०१७ चा. अँड्रॉइड ६ पासून बहुतेक नव्या उपकरणांची मेमरी कुलूपबंदच असते, आणि सगळं पुसलं की त्या कुलपाची किल्लीही जाते. मग कितीही पैसे मोजले तरी फोटो परत नाहीत. मी तिच्या अंगठ्याकडे पाहत होतो. एक ओळ, दुसरी ओळ, ती ओळ आली, ती गेली. मग तिने पॉवर दाबलं.

सुरू झाला, पण चारच मिनिटं टिकला. बॅटरी ६० टक्के दाखवत असताना पटकन विझला. म्हणजे दोष उरला होता तो बॅटरीतच. सुरू होताना भार वाढला की थकलेल्या सेलचा व्होल्टेज कोसळायचा.

नवी पेठेत एक पोरगा टपरीवजा गाळ्यात बसतो. त्याच्याकडे नेला आणि आधीच सांगितलं, आतल्या फोटोंना हात लावायचा नाही. त्याने गरम हवेने पाठीच्या कडा सैल केल्या, प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवत गोंद सोडवला. बॅटरी बघितली आणि पोटात गोळा आला. चांदीच्या रंगाची पिशवी, तळलेल्या पापडासारखी टम्म. त्याने तिला टोक लागू न देता उचललं आणि बाहेर वाळूच्या बादलीत नेऊन ठेवलं. नवी बॅटरी ९५० रुपयांत बसली. तिथंच, त्याच्या गाळ्यात उभं राहून मी फोटोंचं फोल्डर उघडलं. सगळे होते. पहिल्याच फोटोत कागदाच्या कोपऱ्यावर तुझा अंगठा आहे.

त्याच रात्री अक्कांच्या लेकीच्या लॅपटॉपवर सगळे उतरवले. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक माझ्या मोबाईलमध्ये, आणि एक तुला या पत्रासोबत पाठवतोय. तिने नानांना विचारलं की या ठिपक्यांची चादर कशी होते. नानांची कळी खुलली बघ. भरलेलं घर म्हणजे पत्त्याला, मागावरच्या पुठ्ठ्याच्या पट्टीला, भोक; भोक असेल तिथं सुई आत जाते, तिचा आकडा, म्हणजे हूक, उचलला जातो आणि त्याचा दोरा वर येतो. ग्राफची एक ओळ म्हणजे एक पत्ता, अशी शेकडो पत्त्यांची माळ. ती म्हणाली, "नाना, आम्ही वर्गात हेच शिकतो, फक्त भोकाच्या जागी एक आणि शून्य." १८०४ साली फ्रान्समध्ये जकार्ड नावाच्या माणसाने हा पत्त्यांचा माग केला, हेही तिनेच सांगितलं. नाना म्हणाले, मला एवढंच माहीत की माझा एक पत्ता चुकला तर मालक अख्खा तागा परत करायचा.

काल दिवसभर ते मोर घेऊन बसले होते. संध्याकाळी आईने शेंगाचटणी आणि भाकरी समोर ठेवली तरी मान वर नाही. मग एकदम हाक मारली. मी गेलो तर बोट काचेवर टेकवलेलं. एवढी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्यांच्याही नाही. म्हणाले, आजच्या आज पत्र लिही, त्याने कॉम्प्युटरवर घ्यायच्या आधी त्याला कळलं पाहिजे.

तर ऐक. मोराच्या मानेच्या वळणावर, तुऱ्यापासून खाली सतराव्या ओळीत, डावीकडून नववं घर काळं भरलंय. ते पांढरं कर.

तुझाच,
पूर्व भागातला शेजारी