मोहोळसाहेब, विमानाच्या पोटातल्या मालाकडेही लक्ष द्या

प्रति,
मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
राज्यमंत्री, नागरी विमान वाहतूक आणि सहकार,
भारत सरकार

सप्रेम नमस्कार.

देशातल्या विमान प्रवाशांचे आकडे दर महिन्याला जाहीर होतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ठळकपणे छापून येतात. 2019 मध्ये देशांतर्गत प्रवासी 14 कोटी 41 लाख होते. कोरोनाच्या 2020 या वर्षात ते 6 कोटी 30 लाखांवर घसरले आणि 2024 मध्ये 16 कोटी 13 लाखांवर गेले. इतक्या मोठ्या पडझडीतून सावरून पुढे जाणे सोपे नव्हते. त्याचे श्रेय सरकारला, विमानतळांवर राबणाऱ्यांना आणि पहिल्यांदाच विमानात बसलेल्या लाखो सामान्य माणसांना आहे.

माझा व्यवसाय मात्र मालाचा आहे. मी पुण्यात फ्रेट फॉरवर्डिंग करतो. शेतकऱ्याच्या बागेतून किंवा कारखान्याच्या गेटमधून निघालेला माल परदेशी जाणाऱ्या विमानात चढेपर्यंतची सगळी धावपळ आमच्याकडे असते. तिथून जे दिसते ते प्रवाशांच्या आकड्यांत उमटत नाही, म्हणून हे पत्र.

भारतातल्या सगळ्या विमानतळांवर 2018-19 मध्ये सुमारे 35 लाख 60 हजार टन माल हाताळला गेला होता. 2024-25 मध्ये हा आकडा सुमारे 37 लाख 20 हजार टन झाला. त्याच काळात विमानतळांवरची प्रवासीसंख्या साडेचौतीस कोटींवरून 41 कोटींच्या वर गेली. (यात देशांतर्गत प्रवासी चढताना एकदा आणि उतरताना एकदा असा दोनदा मोजला जातो, म्हणून हा आकडा वरच्यापेक्षा इतका मोठा दिसतो.) म्हणजे सहा वर्षांत प्रवासी जवळजवळ एकपंचमांशाने वाढले आणि माल पाच टक्केही नाही. सरकारने ठरवलेले उद्दिष्ट आहे 2030 पर्यंत वर्षाला 1 कोटी टन. एकट्या हाँगकाँग विमानतळाने 2024 मध्ये सुमारे 49 लाख टन माल हाताळला. आपला अख्खा देश अजून त्या एका विमानतळाच्या मागे आहे.

2024-25 या एका वर्षात आपला माल दहा टक्क्यांहून अधिक वाढला, हे खरे. पण त्याआधीच्या वर्षीचा आकडा 2018-19 पेक्षाही खाली होता, हे त्यासोबत सांगितले पाहिजे. शिवाय 2024 मध्ये साऱ्या जगाचीच हवाई मालवाहतूक 11 टक्क्यांनी वाढली, आशिया-प्रशांत भागातल्या कंपन्यांची तर 14 टक्क्यांच्या वर. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, दिवस वाढले, भाडी वाढली आणि घाईचा माल विमानाकडे वळला. त्यात चीनमधून निघणाऱ्या ऑनलाइन खरेदीच्या पार्सलांची भर पडली. त्या लाटेवर आपणही वर आलो. अशा वाढीच्या भरवशावर 2030 चे नियोजन करता येत नाही.

आता मालाला जागा कशी मिळते ते सांगतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. आपल्याकडून परदेशी जाणारा बराचसा माल प्रवासी विमानाच्या पोटातून जातो. आमच्या धंद्यात त्याला बेली म्हणतात. आधी प्रवाशांच्या बॅगा भरायच्या, मग लागेल तेवढे इंधन, आणि उरलेल्या वजनात माल. म्हणून विमाने जितकी खचाखच भरून जातात, तितका माल मागे राहण्याचा धोका वाढतो. 2024 मध्ये जगभरातल्या विमानांत सरासरी 83.5 टक्के आसने भरलेली होती, तो तोवरचा विक्रम होता. विमानकंपन्यांच्या दृष्टीने ही चांगली बातमी, पण बेलीवर विसंबलेल्या निर्यातदाराच्या पोटात गोळा येतो.

याचा सगळ्यात मोठा फटका बसतो हापूसला. हंगाम एप्रिल-मेचा. त्याच दिवसांत शाळांना सुट्ट्या, अमेरिकेत आणि युरोपात मुलांकडे निघालेल्या आईवडिलांची गर्दी, प्रत्येकाच्या जड बॅगा. आणि त्याच दिवसांत उन्हाचा कडाका. हवा तापली की विरळ होते, विमानाला तेवढेच वजन घेऊन उडता येत नाही, मग वजन उतरवावे लागते. पहिल्यांदा उतरतो तो माल. अमेरिकेला जाणारा आंबा त्याआधी काय काय सोसून आलेला असतो! गरम पाण्याची प्रक्रिया, मग विकिरण केंद्रात किमान 400 ग्रेची (ग्रे हे विकिरण मोजण्याचे एकक) मात्रा, अमेरिकी निरीक्षकाची देखरेख, किडा शिरू नये म्हणून भोकांना बारीक जाळी लावलेली खोकी. एवढे सगळे झाल्यावर रात्री दीड वाजता टर्मिनलवरून फोन येतो, "आपला माल ऑफलोड झालाय." एका हंगामात मी अशी खोकी पहाटे पुन्हा शीतगृहात नेली आहेत. टेम्पोचे दार उघडल्याबरोबर वास आला आणि कळले की फळ पिकायला लागले आहे. दोन दिवसांनी माल गेला खरा, पण तिकडच्या दुकानदाराने भाव पाडून घेतला. तो तोटा विमानकंपनीने सोसला नाही, मीही पूर्ण सोसला नाही. तो बागायतदाराच्या हिशेबात गेला.

यावर उपाय म्हणजे फ्रेटर, निव्वळ मालाची विमाने. साऱ्या भारतीय कंपन्यांची मिळून अशी विमाने दोन डझनसुद्धा नाहीत. फेडएक्स या एकाच अमेरिकी कंपनीकडे ती शेकड्यांनी आहेत. एअर इंडियाने 2023 मध्ये 470 आणि इंडिगोने 500 विमाने मागवली, त्याची जगभर चर्चा झाली. ती सगळी माणसे वाहण्यासाठी आहेत. मालाच्या विमानांसाठी त्याच्या दहाव्या हिश्शाचीही हालचाल दिसत नाही.

परदेशी फ्रेटर येऊन ही कमतरता भरून काढू शकले असते. पण डिसेंबर 2020 मध्ये मंत्रालयाने वेळापत्रकाबाहेरच्या परदेशी मालवाहू विमानांना फक्त सहा विमानतळांपुरती मुभा ठेवली: दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबाद. भारतीय कंपन्यांना संधी मिळावी हा त्यामागचा हेतू मला मान्य आहे. पण इतक्या वर्षांत भारतीय फ्रेटरांची संख्या अशी वाढलेली नाही की त्या बंधनाचे समर्थन करता यावे. नागपूरचा विचार करा. देशाच्या मध्यावरचे ठिकाण, तिथल्या विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पासाठी 2002 मध्ये खास कंपनी स्थापन झाली, आणि कल्पनाच मुळी मालवाहतुकीच्या केंद्राची होती. नाशिकजवळच्या ओझरहून शारजाला शेळ्या-मेंढ्यांनी भरलेली विमाने गेलेली आहेत. म्हणजे धावपट्टी आहे, अनुभव आहे. हंगामापुरती तरी या दोन ठिकाणांना मुभा द्या, एवढेच मागणे आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. प्रत्येक जिल्ह्यात कार्गो टर्मिनल बांधा असे मी म्हणत नाही. छोट्या शहरांना सवलतीच्या विमानसेवेने जोडणाऱ्या उडान योजनेचा अनुभव समोर आहे. महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालानुसार दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत, आणि सवलतीची मुदत संपल्यावर टिकले ते फक्त 54. चिपीच्या विमानतळावरची विमानसेवा कशी रखडली ते सिंधुदुर्गातल्या कोणालाही विचारा. आणि सगळाच माल विमानाने जावा असेही नाही. नाशिकची द्राक्षे समुद्रानेच जायला हवीत, तीच रीत परवडणारी आणि कमी धुराची आहे. महाग्रेप्स या द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संघाच्या बागायतदारांनी 1991 पासून ती बसवली. जगातल्या मालाच्या वजनापैकी एक टक्काही विमानाने जात नाही, पण किमतीने बघितले तर तो जवळजवळ एकतृतीयांश भरतो. विमानाने काय जावे हे ठरलेले आहे: औषधे, लस, नाजूक यंत्रांचे सुटे भाग, मावळातले गुलाब, आंबा. यातले बहुतेक सगळे आपल्या पुणे-नाशिक-कोकण पट्ट्यातून निघते.

लसीचे तर तुम्ही स्वतः साक्षीदार आहात. 12 जानेवारी 2021 च्या पहाटे सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशील्डचे कंटेनर निघाले, तेव्हा तुम्ही पुण्याचे महापौर होतात. त्या एका दिवसात पुणे विमानतळावरून 9 उड्डाणांनी 56 लाख 50 हजार डोस दिल्ली, गुवाहाटी, चेन्नईसह 13 शहरांत गेले. साऱ्या देशाने तो दिवस पाहिला. पण आठ-दहा दिवसांत भूतान, मालदीव, ब्राझील, मोरोक्कोला लस पाठवायची वेळ आली, तेव्हा ती मुंबईहून उडाली. लस पुण्याची, पण परदेशी जायला आधी घाट उतरणे भाग होते. अजूनही तेच चालू आहे. लोहगावची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची, तळ हवाई दलाचा, परदेशी उड्डाणे मोजकी आणि तीही नॅरोबॉडी म्हणजे अरुंद, लहान विमानांची. त्यांच्या पोटात मावणार किती? नवे टर्मिनल 2024 मध्ये सुरू झाले, वर्षाची प्रवासीसंख्या एक कोटीच्या वर गेली, पण चाकणच्या कारखान्यांतला सुटा भाग आणि मांजरीच्या सीरमची लस अजूनही द्रुतगती मार्गावरच्या ट्रकमध्ये आहे.

म्हणून पुण्याजवळच्या पुरंदरच्या नियोजित विमानतळाबद्दल कळकळीने लिहितो. जमीन संपादनाचे काम राज्य सरकारचे आहे, हे मला ठाऊक आहे. पण सात गावांतल्या ज्या शेतकऱ्यांकडे जमीन मागितली जाते आहे, ते अंजीर आणि सीताफळ पिकवणारे लोक आहेत. मे 2025 मध्ये ड्रोन सर्वेक्षणाच्या वेळी तिथे गावकरी आणि पोलीस यांच्यात काय घडले ते आपण सगळ्यांनी पाहिले. विमानतळ झाला पाहिजे असे मी मानतो. तरीही या लोकांना प्रवासीसंख्येचे अंदाज ऐकवून भागणार नाही. तिथे मालासाठी किती जागा राखणार, शीतगृह किती टनांचे, फायटोसॅनिटरी (म्हणजे फळा-पिकांवरच्या कीड-रोगांची) तपासणी आणि कस्टम्स रात्री सुरू राहणार का, हे कागदावर आणि आकड्यांत त्यांच्यासमोर ठेवा. ताजे अंजीर झाडावरून उतरवल्यावर फार दिवस टिकत नाही. विमानतळ शेजारी असून ते दुबईला जाणार नसेल, तर शेतकऱ्याने कशासाठी पटवून घ्यावे?

कागदपत्रांचा विषयही असाच. मे 2025 मध्ये विकिरणाच्या नोंदींतल्या चुकीमुळे अमेरिकेतल्या विमानतळांवर आपल्या आंब्याच्या 15 खेपा अडवल्या गेल्या. परत आणणे परवडत नव्हते, निर्यातदारांना त्या तिथेच नष्ट कराव्या लागल्या. फळात खोट नव्हती. त्याच्या थोडेच आधी, अमेरिकेच्या वाढीव आयातशुल्काच्या धास्तीने चेन्नईहून विमाने भरभरून आयफोन गेले, आणि रॉयटर्सच्या वृत्तानुसार त्यासाठी तिथली कस्टम्सची प्रक्रिया 30 तासांवरून 6 तासांवर आणण्यात आली. हे शक्य आहे, करून दाखवलेले आहे. मग नासणाऱ्या मालासाठी ते आधी व्हायला हवे होते. फोन गोदामात महिनाभर थांबू शकतो.

नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झाला आहे. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, त्यामुळे तिथे नव्या फ्रेटरला सोयीची वेळ मिळणे जवळजवळ अशक्य होते. नवी मुंबईत पूर्ण क्षमतेला वर्षाला साडेबत्तीस लाख टन मालाची आखणी आहे. वाशीचे विकिरण केंद्र आणि जेएनपीए बंदर दोन्ही जवळ. ही संधी पुन्हा येणार नाही. सुरुवातीलाच रात्रीच्या काही वेळा फ्रेटरसाठी राखून ठेवल्या नाहीत, तर दोन-तीन वर्षांत प्रवासी उड्डाणे सगळ्या वेळा व्यापून टाकतील. एकदा दिलेली वेळ कोणी परत देत नाही.

सहकार खातेही तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र मी मुद्दाम तुम्हाला लिहिले. निर्यातीसाठी बहुराज्यीय सहकारी संस्था 2023 मध्येच स्थापन झाली. तिच्यामार्फत कोकणातल्या आंबा उत्पादकांच्या संस्थांनी एकत्र येऊन हंगामाच्या सहा-सात आठवड्यांसाठी फ्रेटरमधली जागा आधीच बांधून घेतली, तर बेलीच्या भरवशावर राहायची वेळ येणार नाही. एकट्या बागायतदाराला हे झेपणारे नाही, आमच्यासारख्या छोट्या फॉरवर्डरलाही नाही. दोन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांना एका टेबलाभोवती बसवणारा मंत्री आज तुम्हीच आहात.

आणखी एक विनंती, जिला पैसा लागत नाही. दर महिन्याच्या प्रवासीसंख्येच्या निवेदनातच विमानतळवार मालाचे आकडेही द्या. त्यात नाशवंत माल किती, औषधे किती, आणि बुक झालेल्या मालापैकी किती ऑफलोड झाला, हे वेगळे दाखवा. शेवटचा आकडा आज कुठेही एकत्र मिळत नाही, आणि बागायतदाराचे नुकसान नेमके त्यातच आहे.

आंब्याचा हंगाम मार्चअखेर तोंडावर येतो. बैठक त्याआधी, फेब्रुवारीतच घ्या. कोकणातले बागायतदार, विकिरण केंद्राचे लोक, कस्टम्स, विमानतळचालक आणि आम्ही फॉरवर्डर, सगळे येऊ. पुण्यात बोलवा, दिल्लीत बोलवा, आमची तयारी आहे.

आपला,
पुण्यातील एक फ्रेट फॉरवर्डर