मुळात मास्तरीण

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

५ सप्टेंबरच्या अंकातला मदर तेरेसांवरचा लेख वाचला. फोटो ऐसपैस, मजकूर आखूड. लेखक म्हणतात, बाई कलकत्त्यात उतरल्या आणि थेट झोपडपट्टीत गेल्या. थेट! १९२९ साली त्या भारतात आल्या. १९३१ पासून १९४८ पर्यंत कलकत्त्यातल्याच एंटाली भागातल्या सेंट मेरीज शाळेत शिकवत होत्या, इतिहास-भूगोल. १९४४ ला मुख्याध्यापिका झाल्या. शुश्रूषेचे धडे त्यानंतर घेतले, १९४८ मध्ये पाटण्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलात, तेही काही महिनेच. म्हणजे बाई मुळात मास्तरीण. गेल्या त्याही शिक्षकदिनीच. तुम्ही त्याच दिवशी शिक्षकदिनाची पुरवणी काढलीत, पुढाऱ्यांच्या शुभेच्छांना पाऊण पान दिलंत, पण ह्या एका ओळीला जागा नव्हती. असो.

मला हे एवढं का झोंबलं तेही सांगतो. आमच्या शाळेत भूगोलाला एक सिस्टर होत्या, मंगळूरकडच्या. त्यांची कोकणी आणि आमची मालवणी पूर्ण जुळत नसे, पण अडलं कधीच नाही. पाचवीत असताना मी खाडीत कालवं काढायला उतरलो आणि टाच फाटली. घरी सांगायची सोय नव्हती, कारण त्या वेळी मी वर्गात असायला हवा होतो. तसाच लंगडत शाळेत आलो. सिस्टरनी विचारलं काही नाही. ऑफिसमागच्या खोलीत बाकावर बसवलं, जखम धुतली, चिमट्याने कालवाची कपची काढली. मी बोंब ठोकायच्या बेतात. तर म्हणाल्या, ‘ओरडायचंच तर नद्या म्हण. वरून खाली.’ वाघोटन, गड, कर्ली, तेरेखोल. तेरेखोलला जांभळं औषध टेकलं, ती तेरेखोल बहुतेक गोव्यात ऐकू गेली असेल. पट्टी बांधून झाल्यावर गैरहजेरीच्या दोन छड्याही दिल्या. त्या हातावर.

शाळा सुटली की त्या खोलीबाहेर गावातल्या बायका पोरं घेऊन बसलेल्या असत. आई म्हणायची, ‘ह्येंका पगार तरी गावता?’ शाळेचा पगार मठात जमा व्हायचा. एका जूनला शाळा उघडली तर सिस्टर नाहीत. वरून हुकूम आला की ट्रंक उचलायची, तशी त्यांची बदली. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत देणगीदारांचे रंगीत फोटो आहेत. सिस्टरांचं नावसुद्धा नाही.

जाता जाता, लेखाखालच्या चौकटीत वेंगुर्ल्याचं मिशन हॉस्पिटल ‘नन्सनी उभारलं’ असं छापलं आहे. ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं. म्हणजे प्रोटेस्टंटांचं, कॅथलिक नन्सचं नव्हे. तिथले डॉ. गोहीन संसारी गृहस्थ होते. त्यांचा मुलगा १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला आणि पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. लेखकाने वेंगुर्ल्यात कुणा म्हाताऱ्याला विचारलं असतं तरी कळलं असतं.

पत्र छापलंत तर उपकार होतील. फक्त नद्या तेवढ्या तपासून घ्या. गेल्या खेपेला तुम्ही माझ्या कर्लीची ‘कारली’ केली होतीत.

आपला,
एक जुना वर्गणीदार
ता. मालवण