शनिवारची शिडाची होडी : येणाऱ्यांसाठी सूचना

मंडळी, हवाईतल्या माऊई बेटाच्या सहलीतली होडीची फेरी शनिवारी सकाळी 7 वाजता वायलियाच्या पोलो बीचवरून सुटेल. जागा सहाच होत्या, सहाही भरल्या. पावणेसातला वाळूवर हजर राहा. दिवस वर आला की व्यापारी वारे जोर धरतात, त्यामुळे कोणासाठी थांबता येणार नाही.

होडी जुन्या हवाईयन घडणीची आहे. डाव्या अंगाला आडव्या दांड्यांनी जोडलेली उलांडी, म्हणजे पाण्यावर तरंगणारा लांब ओंडका, असते, कोकणात लहान होड्यांना असते तशीच, आणि सगळा तोल तिच्यावर. फोटोच्या नादात उजवीकडे झुकलात तर होडी उलटू शकते. वल्ही आपल्यालाही मारायची आहेत. 1976 मध्ये 'होकुलेआ' ही जोडहोडी कोणतंही उपकरण न वापरता, तारे आणि लाटा पाहत हवाईहून ताहितीला पोचली होती. चालकांना त्याबद्दल जरूर विचारा.

माऊईत खनिज सनस्क्रीनच चालतं, म्हणजे झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं. माझं मत विचाराल तर पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घाला, कटकटच नको.

पोहता येत नसेल तर आजच मला कळवा. लाइफ जॅकेट घालून, मास्क लावून पाण्यावर तरंगतही मासे छान दिसतात. प्रवाळावर उभं राहायचं नाही. कासव दिसलं तर किमान 10 फूट लांब राहा, हात लावायचा मोह आवरा.

नाश्ता हलका करा. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी. मिसळीचा बेत परत आल्यावर!