सीएनसी वर्गांची परीक्षा यंत्रावर व्हावी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या वृत्तपत्राच्या रोजगारविषयक पानावर सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणारी यंत्रे) प्रोग्रॅमिंगच्या खासगी वर्गांच्या जाहिराती हल्ली वरचेवर दिसतात आणि पीथमपूर किंवा सांवेर रोडच्या कारखान्यांत मुलाची सोय व्हावी म्हणून इंदुरातील कितीतरी मराठी कुटुंबे त्या भरवशावर फी भरतात. साचे व हत्यारे बनवणाऱ्या टूलरूममध्ये बरीच वर्षे काढलेला माणूस म्हणून या शिक्षणातील एका उणिवेकडे मी लक्ष वेधू इच्छितो. या वर्गांतून आलेल्या मुलांना संगणकावर मॉडेल सुरेख काढता येते. मात्र पॉकेट (धातूत कोरायचा खोलगट खळगा) कापण्यासाठी ऑफसेट टूलपाथ (कटरच्या, म्हणजे कापणाऱ्या हत्याराच्या, फिरण्याचा एक मार्ग) निवडल्यावर जे रकाने समोर येतात, त्यांत सॉफ्टवेअरने आधीच भरून ठेवलेले आकडे ती जसेच्या तसे पुढे जाऊ देतात. पडद्यावरच्या चित्रात कटर निमूटपणे फिरतो, आणि यंत्रावर तोच कटर कोपऱ्यात मोडतो.

ऑफसेट टूलपाथ म्हणजे बांधाला समांतर फेऱ्या मारत नांगर चालवावा, तशी पॉकेटच्या कडेला समांतर अशी वेटोळी. दोन वेटोळ्यांमधील अंतराला स्टेपओव्हर म्हणतात आणि सगळी मेख त्या आकड्यात आहे. 12 मिलिमीटर व्यासाच्या एंडमिलला (दांड्यासारख्या गोल कटरला) व्यासाच्या 40 टक्के, म्हणजे 4.8 मिलिमीटर स्टेपओव्हर दिला, तर सरळ रेषेत कटरच्या परिघाचा साधारण 78 अंशांचा भाग मालात, म्हणजे कापायच्या धातूत, गुंतलेला असतो. मात्र काटकोनी कोपऱ्यात पोचताच त्यात वळणाचे 90 अंश मिळतात आणि तो कोन 168 अंशांच्या घरात जातो. अख्खी खाच एका फेरीत कापताना तो 180 असतो, हे लक्षात घेतले म्हणजे सरळ रेषेसाठी ठरवलेल्या फीडने, म्हणजे कटर पुढे सरकण्याच्या वेगाने, कोपऱ्यात शिरणे किती धोक्याचे आहे ते कळेल. उपाय सॉफ्टवेअरमध्येच असतात: कोपऱ्यापुरता फीड कमी करणे, आतल्या वेटोळ्यांना गोलाई देणे, किंवा पॉकेटच्या कोपऱ्याची त्रिज्या 6 मिलिमीटर असेल तर 12 ऐवजी 10 मिलिमीटरचा कटर घेणे, म्हणजे कटरचा मध्यबिंदू टोकदार वळण न घेता 1 मिलिमीटर त्रिज्येच्या कमानीवरून जातो.

उलट, वेळ वाचवण्याच्या हेतूने स्टेपओव्हर वाढवत नेला तर कोपऱ्यांत न कापलेल्या मालाचे सुळके उभे राहतात. स्टेपओव्हर व्यासाच्या निम्म्यापर्यंत असेल तर कोपरा कितीही अरुंद असो, काही शिल्लक राहत नाही. काटकोनात ही मर्यादा सुमारे 85 टक्क्यांपर्यंत जाते आणि 60 अंशांच्या कोपऱ्यात ती 75 टक्क्यांवर येते. हे सपाट तळाच्या कटरचे झाले. कटरच्या टोकाला गोलाई असेल तर हिशेब त्याच्या तळाच्या सपाट भागाचा करावा लागतो, आणि नेमके तेच कोणी सांगत नाही.

आजची सॉफ्टवेअर कटरवरचा भार समान ठेवणारा वळणदार मार्ग स्वतःच आखतात, मग हे गणित कशाला, असे एका वर्गचालकांनी मला ऐकवले. त्या मार्गातही आकडे माणसालाच भरावे लागतात. स्टेपओव्हर 10 टक्के ठेवला की चिपची, म्हणजे निघणाऱ्या किसाची, जाडी दर दाताच्या फीडच्या (एका दातामागे कटर जेवढा सरकतो त्याच्या) 60 टक्केच उरते, म्हणून फीड दीडपटीहून अधिक वाढवावा लागतो. तो तसाच ठेवला तर कटर कापण्याऐवजी घासतो आणि लवकर बोथट होतो. शिवाय सांवेर रोडच्या लहान शेडमधील जुन्या व्हीएमसीला (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी यंत्राला) इतक्या वळणांवर तो वाढीव वेग गाठताच येत नाही, ही गोष्ट वेगळीच.

कटर कॉम्पेन्सेशनचा (कटरच्या खऱ्या मापानुसार मार्ग सरकवण्याचा) रकाना तर बहुतेक ठिकाणी उघडूनही दाखवला जात नाही. धार लावून 12 चा एंडमिल 11.8 चा झाला की पॉकेट 0.2 मिलिमीटरने लहान उतरते. सॉफ्टवेअरने मार्ग 12 चा धरून काढला असेल आणि कंट्रोलवर, म्हणजे यंत्राच्या संगणकावर, जी 41 या आज्ञेने फक्त झिजेची भरपाई करायची असेल, तर ऑफसेटच्या पानावर (भरपाईचे आकडे नोंदण्याच्या पानावर) त्रिज्येतला फरक, म्हणजे उणे 0.1 भरायचे असते, तिथे 5.9 ही पूर्ण त्रिज्या भरली तर मार्ग दोनदा सरकतो आणि एक तर अलार्म येतो, नाही तर जॉब भंगारात जातो. म्हणून प्रोग्रॅमरने कोणती पद्धत धरली आहे, हे सेटअप शीटवर (यंत्रचालकासाठीच्या सूचनांच्या कागदावर) लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे.

आयटीआयच्या मशिनिस्ट आणि टूल अँड डाय मेकर या ट्रेडांत निदान यंत्राची ओळख असते. सांवेर रोडवरच केंद्र सरकारची इंडो-जर्मन टूल रूम आहे. खासगी वर्गांना स्वतःचे यंत्र परवडत नसेल तर अशा संस्थांकडे किंवा एखाद्या कारखान्याकडे त्यांनी यंत्राचे तास भाड्याने मागावेत, आणि प्रमाणपत्र देण्यापूर्वी प्रत्येक मुलाकडून अॅल्युमिनियमच्या तुकड्यात काटकोनी कोपऱ्यांचे एक पॉकेट कापून घ्यावे. त्यात स्टेपओव्हर त्याने स्वतः भरावा, कोपऱ्यात काय होणार ते आधी कागदावर लिहावे, आणि मोजमाप परीक्षकाने करावे. फी भरण्यापूर्वी पालकांनीही अशी परीक्षा होते का, एवढे विचारून घ्यावे.

आपला,
एक निवृत्त टूलरूम पर्यवेक्षक
लोकमान्यनगर, इंदूर